पाच नंबरची चावी

"रातपाळीचं काम असंन तरी चालते, बाई. तसंही मले आता झोप येत नाई."

म्हातारा आमच्या डाळमिलच्या फाटकात उभा होता. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. अंगणभर तूर वाळत घातलेली, निवडणाऱ्या बायका सावलीला सरकलेल्या, आणि हा माणूस अंगात काळा कोट घालून आलेला. कोटाची बाही कोपरावर विरलेली, पण बटणं सगळी लावलेली.

"नाव काय तुमचं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"विश्वनाथ सरोदे."

तूर वाळली की नाही हे आम्ही दाणा दाताखाली धरून पाहतो. माझा दाणा दाताखालीच राहिला.

"आधी काय करत होते?"

"जिनात होतो जी. टाइमकीपर. मंग जीन बंद पडलं. बायको गेली, पोरांच्या घरी काई जमलं नाई." त्यानं जिनाचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. त्याची काही गरज नव्हती.

ह्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. म्हणजे नको, थकलेला माणूस आहे, उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात पडायचं. आमचे हे स्वभावानं गरीब, पण व्यवहाराला पक्के. मी दाणा कडकन फोडला.

"ठेवा त्यांना," मी म्हटलं. "आजपासूनच."

"लय उपकार झाले, माय," म्हातारा हात जोडून मला म्हणाला. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्यानं पाहिली होती ती फ्रॉक घालून जेवणाचा डबा आणणारी पोर होती. मी मात्र त्याला अंधारात नुसत्या खोकल्यावरून ओळखलं असतं.

मी आत जाऊन पाणी प्याले. मला संताप यायला हवा होता ना? नाही आला. सणाच्या दिवशी सकाळी वाटतं तसं प्रसन्न वाटलं. इतकी वर्षं ज्याचं उट्टं काढायचं म्हणून मी मनातल्या मनात शंभर बेत केले, तो माणूस आपल्या पायांनी चालत माझ्या फाटकात आला होता, आणि वर मलाच माय म्हणत होता.

माझा बा, तुळशीराम ढोरे, त्या जिनात रात्रीचा चौकीदार होता. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना. तिथल्या शेठनं कुठून तरी एक विलायती गस्तीचं घड्याळ आणलं होतं. पितळेचं, जाडजूड, कातडी पिशवीत बसवलेलं, खांद्याला अडकवायला पट्टा. ते घड्याळ चौकीदाराला वेळ सांगायसाठी नव्हतंच. ते चौकीदाराची चहाडी करायसाठी होतं.

त्याच्या आत कागदाची एक गोल चकती घड्याळाबरोबर फिरत असे, तिच्यावर तासांच्या रेघा छापलेल्या. जिनाच्या पाच कोपऱ्यांत पाच लोखंडी डब्या भिंतीला ठोकलेल्या, आणि प्रत्येक डबीत साखळीला बांधलेली एक चावी. चावीच्या टोकाला उठावाचा आकडा. चौकीदारानं त्या कोपऱ्यात जायचं, चावी घड्याळाच्या भोकात घालून फिरवायची, की आतल्या कागदावर तो आकडा त्या वेळेच्या रेघेवर उमटायचा. चावी साखळीला आणि साखळी भिंतीला, त्यामुळे बाजेवर पडून आकडे दाबायची सोय नाही. घड्याळाच्या झाकणाला कुलूप, त्याची किल्ली टाइमकीपरच्या खिशात. कोणी मधेच झाकण उघडलं तर कागदाला बारीक भोक पडायचं आणि ती चोरीही पकडली जायची.

रोज सकाळी सरोदेबाबू सगळ्या कामगारांसमोर ते झाकण उघडत, अंगठा जिभेला लावून कागद बाहेर काढत आणि उजेडाकडे धरून वाचत. बा बाजूला मान खाली घालून उभा असे. त्याचा आकडा कधी चुकला नव्हता, तरी मान खालीच. मी डबा घेऊन जायची तेव्हा हे पाहायची, आणि मला त्या जिभेला लावलेल्या अंगठ्याची किळस यायची.

पाच नंबरची चावी सगळ्यात लांब होती, रेल्वेच्या रुळाकडच्या गोदामापाशी, बाहेरच्या खांबावर. एका हंगामात ते गोदाम पेटलं. रुई आतल्या आत धुमसत राहते, वरून काही दिसत नाही, आणि पेटते तेव्हा एकदम पेटते. आत गठाणींवर माझा गुलाबमामा झोपला होता. मायचा एकुलता एक भाऊ. त्याला जिनात बानंच लावलं होतं.

सकाळी गुलाबमामाला झाकून ठेवलेलं असताना सरोदेबाबूंनी घड्याळ उघडलं. आगीच्या आधीच्या फेरीत एक होता, दोन होता, तीन होता, चार होता. पाच नव्हता. चारचा आकडा मात्र दोनदा होता, शेजारी शेजारी.

"चावी साखळीवर नव्हती, बाबू," बा म्हणाला. त्याचे केस जळलेले होते. "म्या तुमच्या घरी आलो होतो सांगाले. दार वाजवलं."

"माह्या घरी?" सरोदेबाबू शेठकडे पाहत म्हणाले. "कोणी नाई आलं, शेठ."

मग सगळे मिळून त्या खांबापाशी गेले. सरोदेबाबूंनी डबी उघडली. पाच नंबरची चावी आपल्या साखळीवर लटकत होती.

"अन् हा चार दोनदा कसा?" शेठनं विचारलं.

"झोपेत दाबला असंन," सरोदेबाबू म्हणाले.

मायनं ते ऐकलं. ती झाकलेल्या भावापाशी बसलेली होती, ती उठली आणि बासमोर येऊन उभी राहिली. "साखळीवर नव्हती," ती म्हणाली. "मंग सकाळी कशी आली? पाय फुटले काय तिले?"

ते तिचं बाशी शेवटचं बोलणं. त्यानंतर त्याच घरात राहून, त्याच चुलीवर त्याच्या भाकरी थापून तिनं त्याला एक शब्द दिला नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, "कांते, तुह्या बाले सांग, पीठ सरलं." आणि बा तीन हातांवर बसलेला असायचा. गावात त्याला लोक झोपाळू म्हणू लागले. जिनात त्याच्या जागेवर सरोदेबाबूंचा साला आला. बा कापूसबाजारात हमाली करू लागला, आणि त्यातच खंगला. शेवटी शेवटी तो पलीकडच्या खोलीत पडून असायचा आणि हाक मारायचा, "पंचफुले, आयकतं काय वं?" माय चुलीपाशी बसून राहायची. हलायची नाही. गेला त्या दिवशी तिनं त्याच्या तोंडात पाणी घातलं, पण तेव्हासुद्धा बोलली नाही. "चावी साखळीवर नव्हती, कांते," हे तो मलाच सांगून गेला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला का? काही दिवस ठेवला, काही दिवस नाही. माणूस दमतो, डोळा लागतो, आणि मग मेहुणा जळून मेल्यावर तो एखादी गोष्ट रचतो आणि मरेपर्यंत तिला धरून बसतो. असंही होतं. पण त्याच्या जागेवर नेमका बाबूचा साला यावा, हे माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही. मला त्या एका गोष्टीचा निकाल हवा होता. माझा बाप खोटं बोलला होता की नाही?

पुढे जिनाचं भंगार विकलं गेलं तेव्हा मी अकोल्यातली भंगाराची दुकानं पालथी घातली आणि ते घड्याळ पाच चाव्यांसकट विकत घेतलं. पट्ट्याला बानं सुतळीचा टाका घातलेला होता, तो तसाच होता. का घेतलं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. हे म्हणाले, "याचं काय करणार?" मी म्हटलं, "राहू द्या. खायला मागत नाही."

आता त्याचं काम निघालं होतं. टिळक रोडच्या घड्याळजीकडून मी ते साफ करून आणलं. आत एक जुना कागद चिकटून राहिला होता, त्यावरून छापखान्यात नवे कागद करून घेतले. मिलच्या पाच कोपऱ्यांत पाच डब्या ठोकल्या. पाच नंबरची डबी मुद्दाम सगळ्यात मागे, चुरी-टरफलाच्या शेडमध्ये लावली. झाकणाची किल्ली माझ्या कमरेला.

घड्याळ समोर ठेवलं तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला हात लावला नाही. नुसता पाहत राहिला.

"असं घड्याळ पाह्यलं आहे काय तुम्ही कधी?" मी विचारलं.

"पाह्यलं हाय. जिनात होतं."

"मग चालवता येत असेल."

"नाई, बाई," तो सावकाश म्हणाला. "म्या चालवलं नाई कधी. म्या फक्त उघडत होतो."

"मग आता चालवायला शिका. उघडायचं मी पाहते."

त्यानं पट्टा खांद्याला घेतला. तो सुतळीचा टाका त्याच्या काळ्या कोटावर आला, आणि मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रोज सकाळी हमाल आले, निवडणाऱ्या बायका आल्या, की मी म्हाताऱ्याला ओट्यापाशी उभा करायची. सगळ्यांसमोर झाकण उघडायची, अंगठा जिभेला लावून कागद काढायची आणि मोठ्यानं वाचायची. एक आहे, दोन आहे, तीन आहे. वाचताना मधे थांबायची, भुवया उंचवायची, कागद उलटसुलट करायची, आणि मग पुढचा आकडा सांगायची. त्याची मान खाली. बायका फिदीफिदी हसायच्या. हे एकदा मला आत बोलावून म्हणाले, "कांता, तुझं काय चाललंय? त्या म्हाताऱ्याचा एक आकडा चुकत नाही. त्याला असं उभं कशाला करतेस?"

"मिल कोणाची आहे?" मी म्हटलं.

"आपली."

"मग आपल्या मिलची काळजी नको घ्यायला?"

ह्यांनी हात टेकले आणि तुरीच्या भावाकडे लक्ष वळवलं.

चुकत नव्हता, हीच तर अडचण होती. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस, कुठेतरी भिंतीला टेकेल, डुलकी लागेल, एक आकडा राहील, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झोपाळू म्हणून फाटकाबाहेर काढेन. पण हा बाबा रात्रभर पाय ओढत फिरायचा आणि पाचही कोपरे पुरे करायचा. माझ्या बापानंही कधी चुकवलं नव्हतं. म्हणजे दोघं सारखेच? हे मला सहन होईना.

आणि दुसरी गोष्ट मायची. ती माझ्याकडेच राहत होती, मिलच्या आवारातच आमचं घर. तिची नजर मंद झाली होती, माणसं तिला आवाजावरून ओळखू येत. म्हातारा कोण हे मी तिला सांगितलं नव्हतं. सगळं जमून आल्यावर एकदम सांगायचं होतं. सगळे त्याला चौकीदारबाबा म्हणत, तीही म्हणू लागली. संध्याकाळी तो कामावर आला की ती त्याच्यासाठी चहा करायची, आंबाडीची भाजी नि भाकर बाजूला काढून ठेवायची. तिच्या बाजेपाशी जमिनीवर तो बसायचा आणि दोघं बोलत राहायची.

"पोरं हायत काय तुमाले?"

"हायत. असून नसल्यासारखी."

"तसंच असते, बाप्पा. जेवून घ्या."

माझ्या बाला उभ्या जन्मात मिळाले नाहीत तेवढे शब्द त्या माणसाला एका संध्याकाळी मिळत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची. तिचं तिला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मला ठाऊक होतं ना!

मग मी ठरवलं. त्यानं जे केलं असा माझा संशय होता, तेच त्याला करून दाखवायचं.

एका संध्याकाळी तो मायशी बोलत बसलेला असताना मी मागच्या शेडमध्ये गेले, पाच नंबरची चावी साखळीवरून सोडवली आणि कमरेला खोचली. बेत साधा होता. रात्री त्याला चावी सापडणार नाही. पहाटे, माणसं यायच्या आत, मी ती परत लटकवणार. मग ओट्यावर कागद वाचणार. पाच नाही. तो म्हणणार, चावी साखळीवर नव्हती. मी म्हणणार, चला पाहू सगळे. सगळ्यांना घेऊन शेडमध्ये जाणार, डबी उघडणार, आणि चावी लटकत असणार. त्या वेळी मी त्याला सांगणार होते मी कोणाची पोरगी आहे ते. त्याचं तोंड कसं होतं हे पाहायची मला घाई झाली होती.

तांबडं फुटताना मी चावी मुठीत धरून शेडकडे गेले.

तो तिथंच बसलेला होता. रिकाम्या साखळीच्या खाली, चुरीच्या पोत्यावर, मांडीवर घड्याळ घेऊन. मला पाहून तो उठला. दचकला नाही.

"या, बाई. वाटच पाहत होतो."

मी मूठ पदराखाली घेतली.

"लटकवा," तो म्हणाला. "म्या पाठ करतो." आणि खरंच तो पाठ फिरवून टरफलाच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिला.

"काय लटकवू?"

"चावी. माणसं यायच्या आधी लटकवून टाकावं लागते, बाई. नाई तर काई उपयोग नाई तिचा."

"तुम्हाला काय माहीत?"

"म्या लटकवली होती ना," तो ढिगाशी बोलल्यासारखं म्हणाला. "सारे आग विझवत होते. एका हातात बादली होती माह्या, अन् एका हातात चावी. कोणाचं ध्यान नव्हतं."

बाहेर चिमण्या ओरडायला लागल्या होत्या.

"तुळशीरामची कोण तुमी?" त्यानं विचारलं.

"पोरगी."

"कांता," तो म्हणाला. "बाचा डबा आणणारी पोर." मग तो वळला. "हे घड्याळ समोर ठेवलं त्या दिवशीच मले वाटलं होतं, कोणीतरी बोलावून आणलं मले. तुमी अंगठा जिभेले लावला, तवा जास्तच वाटलं. काल रातच्याले साखळी रिकामी दिसली अन् समजलं. जाऊ म्हटलं तर जाऊ शकत होतो. पण कुठी जाऊ?"

"का केलं?" मी विचारलं.

"साल्याले कामाले लावायचं होतं. बायको रोज माह्या मांगं लागे. एक रात पाच नंबर कोरा दिसला, की शेठ तुळशीरामले काढून टाकन. एवढंच होतं मनात. आग लागन हे कोणाले मालूम होतं? चावी माह्या उशाखाली होती, अन् तो आला. दार वाजवलं. ‘बाबू, चावी नाई साखळीवर.’ म्या जागाच होतो. बायकोले म्हटलं, गप राह्य. तो माह्या दाराशी होता, तवाच गोदाम पेटलं."

"आणि चार दोनदा?"

"ते तर मले तवाच समजलं होतं. पाचच्या जागी काईतरी उमटावं म्हणून तो मांगं चारवर गेला अन् पुन्हा दाबला. आपुन जागे हाओत, हे सांगाले. दुसरं काय करन माणूस? शेठले म्या सांगितलं, झोपेत दाबला." त्यानं घड्याळ माझ्यापुढे धरलं. "काल म्या बी तेच केलं. उघडून पाहा."

मी उघडून पाहिलं नाही. मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच घराकडे नेलं. तो काही प्रतिकार करत नव्हता, तरी मी ओढत होते.

माय अंगणात चुलीपाशी बसली होती. पावलं ऐकून म्हणाली, "आज सकाळीच, चौकीदारबाबा? थांबा, आधण ठेवलं हाय."

"माय," मी म्हटलं, "हे चौकीदारबाबा नाहीत. हे सरोदेबाबू आहेत. जिनातले."

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"सांगा," मी त्याला म्हटलं. "मला सांगितलं ते सगळं."

त्यानं सांगितलं. उभ्यानं, मान खाली घालून, काही न वगळता. चावी, उशी, साला, दार, बादली. आमचे हे दात घासता घासता येऊन खांबापाशी उभे राहिले. मी मायच्या तोंडाकडे पाहत होते. ती उठेल, त्याच्या तोंडात मारेल, चुलीतलं लाकूड उचलेल. मला तेच हवं होतं. त्यासाठीच मी ते घड्याळ भंगारातून उचलून आणलं होतं, हे मला आत्ता कळलं.

त्याचं सांगून झालं. आधण उकळून चुलीत सांडलं, तरी मायनं उतरवलं नाही.

"किती येळ वाजवलं त्यानं दार?" तिनं विचारलं.

"लय येळ," सरोदेबाबू म्हणाला.

"आवाज देत होता?"

"हो. पहिले बाबू, बाबू म्हणे. मंग नुसतंच वाजवे."

"अन् तुमी आतमंदी जागे."

"हो."

माय चुलीकडे पाहत होती. "म्या बी जागीच होती," ती म्हणाली.

तो काहीच समजला नाही. मी समजले. पंचफुले, आयकतं काय वं? मला त्या माणसावर वार करायचा होता, आणि मी तो माझ्या मायवर करून बसले होते.

"पोलिसांकडे जायचं का?" ह्यांनी हळूच विचारलं. सरोदेबाबूनं खांद्यावरचा पट्टा काढला आणि घड्याळ ओट्यावर ठेवलं. "जातो म्या, बाई," तो म्हणाला.

"नाई," माय म्हणाली. तिचा असा आवाज मी त्या जिनातल्या सकाळनंतर पहिल्यांदा ऐकला. "कुठी जात नाई तुमी. घड्याळ उचला. काम करा आपलं. अन् संध्याकाळी चहाच्या येळले इथं या. मले पुन्हा सांगा."

"पुन्हा?"

"पुन्हा. पहिल्यापासून."

मी त्याचा सूड एका सकाळपुरता आखला होता. मायनं तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. रोज संध्याकाळी ती चहा करायची, कप त्याच्यापुढे सरकवायची, आणि तो पिऊन झाला की म्हणायची, "सांगा, बाबू." त्याला सगळं सांगावं लागायचं. घाईनं पुढे गेला तर ती अडवायची. "दाराचं राह्यलं. ते सांगा." कधी विचारायची, त्याच्या अंगात काय होतं? खोकत होता काय? रागावला होता काय आवाज त्याचा? त्या रात्रीचा माझा बा ज्यानं ऐकला होता, असा जगात तो एकच माणूस उरला होता, आणि माय त्याला सोडत नव्हती. त्याची मान दिवसेंदिवस खाली जात गेली. एकदा तो रडला. माय त्याचं रडून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हं. मंग?"

ह्यांनी एकदा तिला म्हणून पाहिलं, "आई, आता पुरे करा. म्हातारा मरेल."

"तुमाले तरास होते काय, जावईबापू? मंग तुमी तिकडं बसा."

तो पळून जाईल असं मला रोज वाटायचं. फाटकाची चावी त्याच्याकडेच असायची. तो गेला नाही. सकाळी कागद वाचायचा मी बंद केला होता, तरी तो रोज घड्याळ ओट्यावर आणून ठेवायचा. मी एकटीनंच उघडायची. पाचही आकडे असायचे.

पुढे एका हिवाळ्यात माय गेली. चार दिवसांच्या तापानं, कोणाला काही त्रास न देता. शेवटी शेवटी ती तापात बोलत होती, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. "हो, आयकते," असं म्हणत होती. तेरावं झालं, पाहुणे गेले, अंगण रिकामं झालं.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते. सरोदेबाबू नेहमीच्या वेळेला आला. रिकाम्या बाजेकडे पाहून तो उभाच राहिला. मग त्यानं पट्टा खांद्यावरून काढला आणि घड्याळ माझ्यासमोर ठेवलं.

"माय गेली, कांता," तो म्हणाला. "आता म्या जाऊ काय? आता कोणाले सांगायचं राह्यलं?"

त्याला आता नीट उभंही राहवत नव्हतं. मी चहा गाळला, कप भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. मग उठून मायच्या बाजेवर जाऊन बसले.

"सांगा, बाबू," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

तो जमिनीवर बसला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं कप बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.